लाल झाकणं

४ मार्च

पिटुकले,

आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, नाहीतर शेवटी कागद संपतो आणि आशीर्वाद राहून जातात. तुझी आई म्हणते, "दादा, हल्ली पत्रं कोण लिहितं? भाचीला फोन कर की." मी फोन करत नाही याला कारण आहे. फोनवर आपण बोलायला लागलो की समोरचा मधेच तोंड घालतो. "हो हो, कळलं" म्हणतो. काय कळलं? मी अजून बोललोच कुठे! पत्र लिहिणाऱ्याला कुणी थांबवत नाही. पत्रासारखं सुख नाही.

इकडे लाँड्री जोरात आहे. एका इस्त्रीवर उभा केलेला धंदा, आता चार मोठी मशीनं, दोन ड्रायर, वाफेचा बॉयलर आणि भिंतीएवढी रोलर इस्त्री. माझे कान तुला माहीत आहेत. ऑफिसात बसल्या बसल्या सांगतो, तीन नंबरच्या मशीनचं बेअरिंग आता जाणार म्हणून, आणि जातं. बॉयलरवाला म्हणतो, "मालकांना कान नाहीत, उलटे बसवलेले भोंगे आहेत."

पण एक दुखणं मागे लागलंय. आपली मोठी गिऱ्हाइकं दोन, हॉस्पिटल आणि हॉटेल. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल. आणि अधूनमधून हॉस्पिटलच्या गठ्ठ्यात हॉटेलचे दोन-चार टॉवेल निघतात. मागच्या खेपेला नर्सबाईंनी चादर झटकली, तर आतून गुबगुबीत टॉवेल पडला पेशंटच्या छातीवर. त्यावर विणलेलं, 'आपला मुक्काम सुखाचा होवो, पुन्हा अवश्य या.' पेशंट त्याच घटकेला ऑपरेशनला निघालेला. तो उठून घरी जायला लागला म्हणे. मेट्रनबाईंनी मला सुनावलं, "पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरी लाँड्री बघतो."

मी स्वतः उभं राहून पाहिलं. मी उभा असलो की एक टॉवेल इकडचा तिकडे होत नाही. पाठ वळली की झालाच घोळ. याचा अर्थ काय? माणसं माझ्या तोंडाला घाबरतात, पाठीला घाबरत नाहीत.

आता एक गोष्ट तुला म्हणून सांगतो, पोटात ठेव. वर्ष संपायच्या आत लाँड्री तुझ्या ताईच्या हवाली करायचं माझं ठरलंय. तिच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून घेतली, ऑफिसातल्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. तिला पत्ता नाही. हा टॉवेलांचा डाग निघाला की टांगायची. लेकीला धंदा द्यायचा तर धुऊनच द्यावा. पोरगी हुशार आहे, फक्त उतावळी. परवा म्हणाली, "बाबा, ती ट्रॉली आहे ना—" मी म्हटलं, "थांब, आधी माझं ऐक." मग मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. तिचं काय होतं ते ती विसरली असावी, कारण नंतर गप्पच बसली.

मुद्द्याचं राहिलंच. तुझी आई सांगत होती, तुमच्या ऑफिसात असं एक यंत्र आहे म्हणे, जे चालत्या प्रोग्रामला हवं तिथे थांबवतं आणि त्याच्या पोटात काय शिजतंय ते दाखवतं. मला सविस्तर कळव. इथे त्याची गरज आहे.

तुझा मामा


१५ मार्च

मामा,

नमस्कार. आशीर्वाद आधी दिलेत ते बरं केलंत, सध्या लागताहेत.

ते यंत्र नाही, मामा, तोही एक प्रोग्रामच. त्याला डिबगर म्हणतात. साध्या भाषेत सांगते. प्रोग्राम म्हणजे हुकमांची लांबच लांब रांग. एक पाळला की पुढचा, पुढचा की त्याच्या पुढचा, आणि तेही इतक्या वेगाने की आपल्या नजरेला काही सापडत नाही. या सगळ्या प्रोग्रामांवर एक मालकीण असते, ऑपरेटिंग सिस्टिम. डिबगर आधी तिच्याकडे जातो आणि परवानगी मागतो, "मला ह्या अमक्याच्या मागे लागायचंय." ती हो म्हणाली की मग तो रांगेतला हवा तो हुकूम उचलून आपल्या खिशात घालतो आणि त्याच्या जागी दुसरा एक चिमुकला हुकूम ठेवतो : थांब. याला ब्रेकपॉइंट म्हणायचं.

प्रोग्राम बिचारा धावत धावत तिथे येतो, "थांब" वाचतो आणि आहे तसा गोठतो. पाऊल उचललेलं असेल तर उचललेलंच. मालकीण डिबगरला हाक मारते, "अहो, तुमचा तो उभा राहिला." मग डिबगर आरामात येतो, कुठल्या डब्यात काय ठेवलंय ते उघडून बघतो, मनात आलं तर डब्यातली वस्तू बदलूनही ठेवतो. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही. बघून झालं की खिशातला मूळ हुकूम परत जागेवर ठेवायचा, प्रोग्रामला तेवढं एकच पाऊल टाकू द्यायचं, लगेच "थांब" पुन्हा तिथे बसवायचं, पुढच्या फेरीसाठी, आणि म्हणायचं, "जा." वाटलं तर त्याला असं एकेक पाऊलच चालवत नेता येतं.

ऐकायला छान वाटतं ना? माझा मात्र यानेच जीव खाल्लाय. आमचा प्रोग्राम दवाखान्यांमध्ये रांगेचे नंबर वाटतो. खिडक्या दोन, नंबर एकाच डब्यातून निघतात. अधूनमधून एकच नंबर दोघांना जातो. मग डॉक्टरच्या दारात दोन माणसं, दोघांच्या हातात तोच कागद, आणि दोघंही आजारी, त्यामुळे धड भांडताही येत नाही. मी डिबगर लावून बसले की हा प्रोग्राम गुणी बाळासारखा वागतो. एक चूक करेल तर शपथ! डिबगर काढला की पुन्हा तेच.

आमचे साहेब, ज्यांना आम्ही तातडीसाहेब म्हणतो (त्यांची प्रत्येक चिठ्ठी 'तातडीचे' म्हणून येते), ते काल म्हणाले, "डिबगर लावला की चुकत नाही ना? मग डिबगर लावूनच गिऱ्हाइकाला देऊन टाक."

मी म्हटलं, "सर, आणि डिबगरपाशी कोण बसणार?"

"तू आहेस की!"

असं आहे, मामा. ताईला विचारलंत का, टॉवेलांचं तिला काय वाटतं ते? ट्रॉलीचं काहीतरी म्हणत होती ना?

तुमची पिटुकली


२८ मार्च

पिटुकले,

आधी आशीर्वाद, आणि या वेळी दुप्पट. तुझ्या पत्राने माझे डोळे उघडले. इतकी वर्षं मी नुसता उभा राहत होतो. उभं राहायची जागा ठरवायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

साबणाच्या पावडरीच्या डब्यांची झाकणं लाल रंगवून घेतली आणि टांगली. एक मशीनच्या दारापाशी, एक ड्रायरपाशी, एक रोलरच्या तोंडाशी, एक घडीच्या टेबलावर. नियम साधा. झाकणापाशी आलं की हातातलं काम जसं असेल तसं ठेवायचं आणि घंटी वाजवायची. मी येणार, तपासणार, झाकण उचलणार, "जा" म्हणणार, झाकण परत टांगणार. अगदी तू लिहिलंस तस्सं.

पहिल्या दिवशी जरा गंमत झाली. घड्या घालणाऱ्या मावशी चादर दोन्ही हातांत उंच धरून उभ्या. मी म्हटलं, "हलायचं नाही, आहे तसं!" म्हणाल्या, "मालक, शिंक येतेय." म्हटलं, "शिंक झाकणाच्या पुढे." बिचारीने धरून ठेवली. शिस्त म्हणतात ती ही. बॉयलरवाला तेवढा चावट. म्हणे, "मालक, मी थांबतो, वाफेला तुम्ही सांगा."

पण गुण बघ! तेव्हापासून एकही टॉवेल चुकला नाही. एकही नाही! गठ्ठे निघायला संध्याकाळ होते ही गोष्ट खरी. उशीर होतो, पण बिनचूक उशीर होतो. मेट्रनबाईंना मी हेच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे पटलं असणार.

तुझ्या तातडीसाहेबाचं वाचून पोट धरून हसलो. काय नग आहे! डॉक्टर उशाशी बसला की ताप उतरतो, म्हणून डॉक्टरलाच रोग्याच्या पायाशी बांधून घरी पाठवायचा! असल्या माणसाच्या हाती धंदा देतात तरी कोण? स्वतः जाऊन बसेल का तो डिबगरपाशी जन्मभर? मी बॉयलरवाल्याला वाचून दाखवलं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग हसला. त्याला विनोद उशिरा कळतो.

ताईला विचारलं, तू म्हणालीस म्हणून. म्हणाली, "बाबा, मी कधीची सांगतेय की ट्रॉली ए—" नेमकी रोलरची घंटी वाजली. परत आलो तर ती मशीनकडे निघून गेलेली. म्हटलं ना, उतावळी.

आज इथेच थांबतो, गुडघा फार ठणकतोय. झाकणं चार आणि गुडघे दोनच.

मामा


२ एप्रिल

पिटके,

खरं सांग, बाबांना ते डिबगरचं खूळ तूच दिलंस ना? तुझं नाव घेऊन झाकणं टांगलीत त्यांनी. परवा हॉटेलच्या माणसाने विचारलं, इथे काही पूजाबिजा आहे का, सगळे असे हात वर करून का उभे आहेत.

टॉवेल का चुकतात ते मला महिनाभरापूर्वीच कळलंय. ट्रॉली एक आणि तिला ओढणारी माणसं दोन. ड्रायरवाला ट्रॉलीतून टॉवेल काढत असतो, तळाशी दोन-चार राहिलेले असतात, तेवढ्यात मशीनवाला घाईने येतो आणि वरून चादरी टाकतो. दोघांनाही वाटतं, ट्रॉली आपली. झालं, गठ्ठा चुकला. बाबा उभे राहिले की सगळी घाईच संपते, एकाचं पुरतं झाल्याशिवाय दुसरा हात लावत नाही, मग चूक होणार कुठून? दुसरी ट्रॉली घेतली की प्रश्न मिटला. एवढंच आहे. एक वाक्य. ते वाक्य मी मशीनच्या आवाजात सुरू केलंय, जेवताना सुरू केलंय, एकदा तर दाराबाहेरून सुरू केलं. "थांब"च्या पुढे गेले नाही. तीन नंबरचं बेअरिंग त्यांना दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं, पिटके. मी समोर बसलेली असते.

आता ऐक आणि बाबांना सांगू नकोस. दुसऱ्या शहरात एक मोठी लाँड्री निघतेय. मला मॅनेजर म्हणून बोलावलंय. या महिन्यात जाऊन जागा बघायची आणि महिनाअखेर हो की नाही कळवायचं. पगार चांगला, राहायला खोली. हो म्हणावंसं वाटतंय आणि वाटतही नाहीय. या शेडमध्ये मी चालायला शिकले, ट्रॉलीला धरून. मला इथून जायचं नाही. मला एक वाक्य पुरं करायचंय.

ताई


१० एप्रिल

मामा,

गुडघ्याला शेक द्या आणि झाकणं कमी करा. यातलं दुसरं औषध जास्त गुणकारी आहे.

माझी चूक सापडली. कशी सापडली ते मुद्दाम लिहिते. डिबगरने नाही. मी त्याला थांबवत होते, त्यामुळे दोन खिडक्यांमधली घाईच संपत होती, आणि दोष नेमका त्या घाईत होता. एका खिडकीने डब्यातला नंबर बघितला, तो नोंदवायच्या आत दुसरीने तोच बघितला. मी मधे उभी असताना असं कधी होणारच नव्हतं. शेवटी डिबगर काढून टाकला. प्रोग्रामलाच सांगितलं, "बाबा रे, धाव तू, फक्त धावता धावता काय करतोयस ते बोलत जा." आणि मी हात बांधून नुसतं ऐकलं. त्याचं बोलणं पुरं झालं तेव्हा चूक समोर होती. इतकी साधी होती की लाज वाटली.

तातडीसाहेब नाराज आहेत. त्यांनी माझ्यासाठी दवाखान्यात खुर्चीसुद्धा ठरवली होती.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं, मामा, ते फार महत्त्वाचं. डिबगर निघून जाणार असेल तर त्याने आधी आपले सगळे "थांब" काढून मूळ हुकूम जागेवर ठेवायचे असतात. एक जरी राहिला तर काय होतं? प्रोग्राम धावत तिथे येतो, "थांब" वाचतो. मालकीण डिबगरला शोधते, तर तो गेलेला. मग तिला वाटतं, हा प्रोग्रामच बिघडला. ती त्याला जागच्या जागी संपवते. चांगला चालता प्रोग्राम, मामा. दुसऱ्याने विसरलेल्या एका "थांब"मुळे.

ताईशी बोला. म्हणजे तिला बोलू द्या.

पिटुकली


१६ एप्रिल

पिटुकले,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही. मला ऐकायला शिकवतेस? मला? अगं, काल बॉयलरची झडप अर्धा दोरा सैल होती ती मी अंघोळ करताना ऐकली!

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. उद्या दाखल होतोय, आपल्याच हॉस्पिटलात, आठ-दहा दिवस. तुझी आई येतेय उशाशी बसायला. चला, माझ्याच हातच्या चादरीवर झोपायला मिळेल. गिऱ्हाईक होऊन बघावं एकदा.

ताई म्हणाली, तिला चार-पाच दिवस मैत्रिणीकडे जायचंय, पण ऑपरेशन आहे तर नको. मी म्हटलं, "जा जा, खुशाल जा. इथे तुझं काय अडलंय? झाकणं आहेत ना!" माणसांना बजावून ठेवलंय, झाकणाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि फोन करायचा नाही, मी तो बंदच ठेवणार आहे. मला फोनवर मधे मधे बोललेलं खपत नाही.

बघच तू. मी नसताना कारखाना कसा चालतो ते.

मामा


२४ एप्रिल

पिटके,

जागा बघून परवा परत आले. फाटकातच कळलं काहीतरी बिनसलंय. लाँड्रीतून आवाज येत नव्हता. एक घंटी तेवढी वाजत होती, सावकाश, देवळात वाजते तशी.

आत गेले. मशीनवाला ट्रॉलीला टेकून बसलेला. ट्रॉलीत हॉस्पिटलच्या ओल्या चादरी, आंबलेल्या. वास असा की डोळ्यांत पाणी.

"इथे का बसलात?"

"झाकण आहे ना, ताई."

"मग उचला की!"

"मालक उचलतात."

"मालक हॉस्पिटलात आहेत!"

"म्हणून तर घंटी वाजवतोय," पलीकडून बॉयलरवाला म्हणाला. "मालक दाखल झाल्यापासून वाजवतोय. पाळी लावलीय आम्ही."

"आणि हॉस्पिटलचा फोन नाही आला?"

घडीवाल्या मावशी म्हणाल्या, "आला की, सारखा येतो. मी सांगते त्यांना, झाकण आहे."

मी पुढे झाले. चारही झाकणं ओढून काढली आणि अंगणात भिरकावली. बॉयलरवाल्याने घंटी खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे पहिल्याच दिवशी कुणीतरी करायला हवं होतं." मी म्हटलं, "तुम्ही का नाही केलंत?" तो म्हणाला, "मालक आले असते तर?" त्याच्या तोंडावर चावटपणा नव्हता गं. खरंच घाबरला होता.

चादरी पुन्हा धुतल्या. शेजारच्या गोदामातून एक ट्रॉली मागून आणली, म्हणजे दोन झाल्या, आणि अंधार पडायच्या आत सगळे गठ्ठे निघाले. एकही टॉवेल चुकला नाही. पहिला गठ्ठा मीच घेऊन हॉस्पिटलात गेले.

बाबा रेक्झिनच्या गादीवर पडलेले. चादर नाही. हॉस्पिटलात चादरीच नव्हत्या! कुशीवर वळले की चर्रर्र करून आवाज, रेक्झिन पाठ सोडेना. आत्या उशाशी वर्तमानपत्राने वारा घालत होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमची लाँड्री अशी, मग तुमच्या वडिलांना तरी कुठून देऊ?" पुढच्या महिन्यात कंत्राटाचं बघू म्हणाल्या. 'बघू' कसं म्हणाल्या ते मी ऐकलंय.

चादर घातली, बाबांना नीट झोपवलं. मग म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं. "बाबा, मला दुसरीकडे नोकरी—"

"थांब," बाबा म्हणाले. "आधी मला सांग, झाकणं कुणी काढली?"

मी थांबले नाही. घरी आले आणि हो म्हणून पत्र लिहिलं. पर्समध्ये आहे. सोमवारी टाकते.

ताई


२६ एप्रिल

मामा,

मी एक वचन मोडतेय. तुमचं नाही, ताईचं. पाटीबद्दल मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, कारण पाटी दाखवून माणूस थांबवणं हेही एक झाकणच.

ती मैत्रिणीकडे गेली नव्हती. दुसऱ्या शहरात नोकरी बघायला गेली होती. "हो"चं पत्र तिच्या पर्समध्ये आहे, सोमवारी पेटीत पडेल.

सोबत तुमचं मार्चमधलं पत्र परत पाठवतेय, ज्यात तुम्ही आमच्या साहेबांना पोट धरून हसलात ते. 'तातडीसाहेब' खोडून तिथे 'मामा' वाचा. बाकी एक अक्षर बदलावं लागत नाही.

आणि त्याआधीच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, पत्र लिहिणाऱ्याला कुणी थांबवत नाही, पत्रासारखं सुख नाही. ते सुख तिला एकदा तोंडी द्या. सोमवारच्या आत.

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून आई कपडे न्यायला घरी आलीय, तिच्याच हाती देतेय.

पिटुकली


९ मे

पिटुकले,

आशीर्वाद आधी. तुझी जीभ फार तिखट झालीय, तीही सुखी राहो.

तुझ्या आईने पत्र हातात ठेवलं आणि मी वाचेपर्यंत समोरून हलली नाही. ती एरवी गरीब, पण त्या दिवशी तिचं तोंड बघून मी दोन्ही पत्रं वाचली. माझंसुद्धा. चांगलं लिहिलंय मी, तेवढं कबूल कर.

रविवारी घरी सोडलं. ताईला समोर बसवलं, म्हटलं, "बोल." ती म्हणाली, "काय उपयोग?" म्हटलं, "बोल तर." तिने तोंड उघडलं आणि तुला सांगतो, माझ्या तोंडात 'थांब' आपोआप तयार झालं. शिंकेसारखं असतं ते, मावशींची आठवण झाली. दोरीवर कपड्यांचे चिमटे होते. एक काढला आणि ओठांना लावला. लाकडी, जुना, चांगला घट्ट आहे. विकत घेताना मीच घासाघीस केली होती.

ती आधी हसली. मग डोळे पुसले. मग बोलली. "ट्रॉली एक आहे आणि माणसं दोन, एकाची रिकामी व्हायच्या आत दुसरा भरतो, दुसरी घेऊ या."

एवढंच! एवढ्यासाठी मी पोरीला दोन महिने ताटकळत ठेवली, आणि गुडघा कापून घेतला. मी चिमटा काढायला हात वर नेला तर म्हणाली, "अजून झालं नाही." मग नोकरीचं सांगितलं, पगाराचं, खोलीचं. शेडमध्ये ट्रॉली धरून चालायला शिकल्याचं सांगितलं. मला वाटायचं, ते मला एकट्यालाच आठवतंय. शेवटी म्हणाली, "मला जायचं नाही बाबा, पण राहीन ती माझ्या अटींवर." अट एकच. काम चालू असताना मी शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही. मी मान हलवली. चिमटा लावलेल्या माणसाला दुसरं काय हलवता येतं?

मग तिला कपाटामागची पाटी काढून दाखवली. तिने ती जवळ ओढली. नाव बघितलं, हात फिरवला. मग बोट खाली नेलं. खाली बारीक अक्षरांत मी रंगवून घेतलं होतं, 'देखरेख : वडील.'

"ही ओळ पुसा," म्हणाली.

पेंटरला बोलावून पुसली. तू म्हणाली होतीस ना, एक जरी राहिला तर.

ट्रॉल्या आता दोन, एक निळी आणि एक पिवळी. मेट्रनबाई ताईशी बोलल्या आणि कंत्राट राहिलं. माझ्याशी त्या फक्त गुडघ्याबद्दल बोलतात. नोकरीचं पत्र ताईने टाकलं नाही, पण फाडलंही नाही. म्हणाली, "पर्समध्ये असू दे." असू दे. चिमटा माझ्याही खिशात असतो.

मी आता समोर, रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसतो. तिथून शेडचं दार दिसत नाही, आवाज मात्र येतो. काल बसलो होतो तर तीन नंबर किरकिरायला लागलं. बारीक, नव्या चपलेसारखं. बेअरिंग. आणखी थोडा वेळ तसंच फिरलं असतं तर मशीनचा ड्रमच जाम झाला असता. मी कपबशी खाली ठेवली. पाय उचलला होता, पिटुकले, खोटं सांगत नाही. उचललेला तसाच ठेवला.

आणि मशीन बंद झालं. कुणीतरी बंद केलं. पान्ह्याचा आवाज आला, हातोडीचे दोन ठोके पडले, ग्रीसचा डबा उघडल्याचं ऐकू आलं. मग ते पुन्हा सुरू झालं आणि असं गोड फिरायला लागलं की मी डोळे मिटून घेतले.

चहा गार झाला होता. तसाच प्यालो. ताईला कान कुणाचे मिळाले ते मला कुणाला तरी सांगायचं होतं. टपरीवाल्याला सांगायला घेतलं, पण तो मेला मधेच तोंड घालतो. म्हणून तुला लिहिलं.

मामा